एकाच डोंगरावरचे दोन शेजारी

प्राणिमात्रांचेही आपल्यासारखेच समुदाय आहेत, ही शिकवण आपण सूरह अनआमच्या 38 व्या आयतीत वाचतो. असे दोन छोटे समुदाय आज संकटात आहेत. दोघांचेही घर ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेकडील बर्फाळ डोंगरांत, कोशियस्को राष्ट्रीय उद्यानात आहे.

पहिला आहे दक्षिणी कोरोबोरी बेडूक. जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, काळ्या अंगावर पिवळेधमक पट्टे. अल्लाहतआलाने त्याच्या कातडीतच विष दिले आहे. इतर बहुतेक विषारी बेडकांना विष खाण्यातून मिळते, हा मात्र स्वतःच्या शरीरात तयार करतो. त्यामुळे शत्रू त्याच्या वाटेला जात नाहीत.

दुसरा डोंगरी पिग्मी पॉसम. कांगारूप्रमाणे मादीच्या पोटाला पिशवी असते. वजन सुमारे 45 ग्रॅम, म्हणजे आपल्या घरातल्या एका अंड्याहूनही कमी! 1895 मध्ये शास्त्रज्ञांनी केवळ जीवाश्मावरून त्याची नोंद केली. तो नामशेष झाला असे सर्वांनी मानले होते. पण 1966 मध्ये एका बर्फाळ डोंगरावरील विश्रामगृहात तो चक्क जिवंत सापडला. हिवाळ्यात तो सहा-सात महिने दगडांच्या कपारीत झोपून राहतो. वर साचलेला बर्फ त्याची गोधडी होतो.

दोघांना संरक्षण मिळाले होते, मग बिघडले कुठे?

बेडकावर कायट्रिड नावाची बुरशी आली. बेडकांच्या व्यापारातून माणसाने ती देशोदेशी पसरवली. ती कातडीवरच हल्ला करते, तिथे विष काय करणार? त्यातच हा बेडूक चार-पाच वर्षांनी वयात येतो, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. आता रानात मोजकेच उरले आहेत.

पॉसमचे दुखणे वेगळे. हवामान तापल्याने बर्फाची गोधडी विरळ होत आहे. त्याचे मुख्य अन्न असलेले बोगोंग पतंग दूरच्या मैदानांतून उडत डोंगरावर येतात. 2017 च्या दुष्काळात ते फारच कमी आले आणि पिशवीतली पिल्ले उपाशी मेली.

म्हणून उपायही वेगळे. बेडूक प्राणिसंग्रहालयांत वाढवून कुंपणाच्या आत सोडले जातात, म्हणजे रोग वाहणारे दुसरे बेडूक जवळ येत नाहीत. 2019-20 च्या वणव्यानंतर पॉसमसाठी खास बिस्किटे व पाणी ठेवण्यात आले. पतंग वाट चुकू नयेत म्हणून लोकांना रात्री अनावश्यक दिवे मालवण्याची विनंती केली जाते.

शेजाऱ्याचा हक्क आपल्याला ठाऊक आहे. शेजारी ओळखूनच त्याची गरज कळते. रुग्णाला औषध लागते, भुकेल्याला अन्न. पृथ्वीची अमानत सांभाळताना हाच नियम आहे. आज रात्री आपल्या अंगणातला विनाकारण जळणारा दिवा बंद केला, तर इस्राफ टळेल आणि आपल्या इथल्या पतंगांनाही त्यांचा अंधार परत मिळेल.