सहीसाठी शाई कशी निवडावी?

दस्तऐवजावर सही करताना निळी शाई वापरावी की काळी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. हा प्रश्न गैर नाही. परंतु तो अपुरा आहे. सही म्हणजे माणसाने दिलेल्या संमतीचा पुरावा होय. खरेदीखत, मृत्युपत्र अथवा धनादेश यांवरील सही काळाच्या ओघात पुसट झाली, किंवा कोणी ती मुद्दाम धुऊन काढली, तर त्या पुराव्याचे बळ कमी होते. म्हणून रंग पाहण्यापूर्वी शाई कशाची बनलेली आहे, हे पाहिले पाहिजे.

पूर्वी आपल्याकडे काजळी व डिंक यांची शाई करीत असत. काजळी म्हणजे कार्बन. प्रकाशाने किंवा हवेने तो विटत नाही. म्हणूनच जुन्या पोथ्यांतील अक्षरे आजही काळीभोर दिसतात. मात्र ही शाई कागदाच्या पृष्ठभागावरच राहते आणि पाण्याने ती पुसली जाऊ शकते.

युरोपात मायफळातील टॅनिन आणि हिराकस यांची शाई अनेक शतके प्रचारात होती. ती कागदाच्या तंतूंत मुरते आणि हवेतील प्राणवायूच्या क्रियेने तेथेच काळी पडते. ताजेपणी तिचा रंग फार फिका असल्यामुळे, लिहिलेले दिसावे म्हणून तीत निळे रंजक घालू लागले. ‘ब्लू-ब्लॅक’ शाईचा उगम हाच होय. ही शाई पाण्याने सहज निघत नाही. पण ती आम्लधर्मी असल्याने कालांतराने कागद ठिसूळ करू शकते. आज या नावाने विकली जाणारी प्रत्येक शाई अशीच बनविलेली असते, असे मात्र नाही.

फाउंटन पेनच्या साध्या निळ्या शाईत पाण्यात विरघळणारे रंजक असते. पावसाचा एक थेंबही तिच्यावर लिहिलेली सही बिघडवू शकतो. बॉलपेनची शाई दाट व तेलकट असते. ती पाण्याला दाद देत नाही, परंतु अल्कोहोलसारख्या द्रावकांत विरघळू शकते. धनादेशावरील नाव व रक्कम धुऊन काढणारे भामटे याच गुणाचा फायदा घेतात. काही जेल पेनांत न विरघळणाऱ्या रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असतात. ते तंतूंमध्ये अडकून बसतात, त्यामुळे अशी सही धुऊन काढणे अतिशय कठीण जाते.

आता रंगाकडे वळू. काळी शाई छायाप्रतीत ठळक उमटते. निळ्या सहीमुळे मूळ प्रत व काळी-पांढरी छायाप्रत यांतील भेद चटकन कळतो; तथापि रंगीत छपाई सुलभ झाल्यापासून ही खूण पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही. भारतात धनादेश वटविताना त्याच्या काळ्या-पांढऱ्या व करड्या छटांच्या प्रतिमा बँकांमध्ये पाठविल्या जातात. फिकी शाई त्यांत नीट उमटत नाही, म्हणून तेथे गडद शाईच योग्य. केंद्र सरकारच्या कार्यालयांतही सर्वसाधारणपणे निळी किंवा काळी शाईच वापरावयाची असून, हिरव्या व लाल शाईची मुभा वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती आणि क्वचित प्रसंगीच आहे. एखाद्या अर्जावर विशिष्ट रंगाची सूचना छापलेली असेल, तर अर्थातच ती पाळावी.

घासून खोडता येणाऱ्या पेनांपासून विशेष सावध राहावे. घर्षणाने निर्माण झालेल्या उष्णतेने त्यांची शाई रंगहीन होते. सुमारे 60 अंश सेल्सियस तापमान त्यास पुरते. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत राहिलेल्या कागदावरूनही अशी सही नाहीशी होण्याचा संभव असतो.

शाळेत एक सोपा प्रयोग करून पाहता येईल. एकाच कागदावर निरनिराळ्या पेनांनी ओळी ओढाव्यात आणि दुसऱ्या दिवशी, प्रत्येक पट्टीवर सर्व शाया येतील अशा रीतीने, कागदाच्या तीन पट्ट्या कापाव्यात. पहिली अर्धी झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवावी, दुसरी अर्धा तास पाण्यात बुडवावी आणि तिसरीवर शिक्षकांच्या देखरेखीखाली, विस्तवापासून दूर, स्पिरिटचे थेंब टाकावेत. तिन्ही कसोट्यांना जी शाई उतरेल, तीच सहीसाठी निवडावी. मग ती निळी असो वा काळी.