वाचक शाळेत घडतो

परदेशातली चिनी वृत्तपत्रे म्हणजे मायदेशाच्या आठवणींवर जगणारा उद्योग, हा समज पुरता खरा नाही. आधुनिक धर्तीचे पहिले चिनी नियतकालिक मुळात चीनबाहेरच, मलाक्कात, १८१५ मध्ये मिशनऱ्यांनी काढले. 'टायगर बाम'वाले ऑ बून हॉ यांनी १९२९ मध्ये सिंगापुरात 'सिन च्यू' सुरू केले (मलमाच्या जाहिरातीची सोय झाली ती वेगळीच). त्याच नावाचे दैनिक आज मलेशियात तग धरून आहे, कारण तिथे चिनी माध्यमाच्या सुमारे १,३०० प्राथमिक शाळा आहेत. सिंगापूरने १९८७ पर्यंत सगळ्या शाळा इंग्रजीकडे वळवल्या. तिथल्या 'ल्येनह झाओबाओ' या चिनी दैनिकाच्या संकेतस्थळाचा मोठा वाचकवर्ग आता खुद्द चीनमध्ये आहे. कोलकात्यात १९६९ साली निघालेले चिनी दैनिक 'सिओंग पाओ' २०२० मध्ये बंद पडले. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर तिथला चिनी समाज रोडावत गेला आणि उरलेल्यांची मुले इंग्रजी शाळांत गेली.

छापील पत्रे मोबाइलने मारली, असे कोणी म्हणेल. पण मोबाइल क्वालालंपूरमध्येही आहेच, तरी मलेशियात 'सिन च्यू' टिकून आहे. अमेरिकेच्या उदाहरणावरून घेतला जाणारा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिथे चिनी माध्यमाच्या शाळांचे असे जाळे नाही, तरी १९७६ पासून 'वर्ल्ड जर्नल' हे चिनी दैनिक निघते. मात्र त्याचे बहुतेक वाचक तैवान, हाँगकाँग किंवा चीनमध्ये शिकून आलेले. शाळा इथेही आहेच, फक्त समुद्रापलीकडे. आणि अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुले बातम्या इंग्रजीतच वाचतात.