आधी ओळख, मग विक्री

पावभाजी कशी करतात, हे सुमन धामणे यांना ठाऊक नव्हते. २०२० च्या जानेवारीत नातू यशने पावभाजीचा हट्ट धरला आणि आजीला मोबाइलवर दोन-चार व्हिडिओ दाखवले. याहून चांगली मी करीन, असे म्हणून सत्तरी गाठलेल्या आजी कामाला लागल्या. भाजी घरात सगळ्यांना इतकी आवडली, की आजीच्या हातची चव जगाला दाखवायची असे अकरावीतल्या यशने ठरवले. त्यातून उभा राहिला ‘आपली आजी’ हा यूट्यूब चॅनल. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला आणि वर्ष संपायच्या आत चॅनलची सदस्यसंख्या सहा लाखांच्या घरात पोहोचली.

आजींचे गाव सारोळा कासार, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावाला हा मुलूख परका नाही. घोड नदी ओलांडली की तो जिल्हा सुरू होतो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरचा काळा मसाला दोन्हीकडे सारखाच. म्हणूनच निमोण्यात गोधड्या शिवणाऱ्या, फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या किंवा पापड-कुरडया करणाऱ्या बाईने ही गोष्ट नीट पाहावी अशी आहे.

आजींकडे स्टुडिओ नव्हता. कॅमेऱ्यासमोर आधी संकोच वाटायचा. सॉस, बेकिंग पावडर असले इंग्रजी शब्द जिभेवर येईनात, तेव्हा नातवाने ते लिहून दिले आणि आजींनी पाठ केले. बाकी सगळी भाषा मात्र त्यांची स्वतःची राहिली. प्रेक्षकांना ती आपल्या घरातली वाटली. पुढे त्यांचे मसाले विक्रीला आले, तेव्हा ते कढईत पडताना लोकांनी कितीदा तरी पाहिलेले होते. मधुरा बाचल यांच्या बाबतीतही क्रम हाच दिसतो. त्यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली. ‘मधुराज रेसिपी’च्या नावाचे मसाले त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले.

आता गोधडीचे पाहू. तयार गोधडीचा घडी घातलेला फोटो आणि खाली फोन नंबर एवढ्यावर शहरातल्या गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. तेच, जुनी सुती लुगडी धुऊन, वाळवून जमिनीवर थरावर थर अंथरलेली दिसली, कडेने सुरू झालेला धावदोरा चौकोनामागून चौकोन आत सरकताना दिसला, गोधडी उलटी करून टाके दाखवले, की किंमत आपोआप समजते. एका गोधडीला किती दिवस लागले, हे शिवणाऱ्या बाईनेच सांगावे, आणि तेही घरात बोलते तसेच. मागे कोंबडी ओरडली तरी बिघडत नाही. टाका वाकडा गेला आणि उसवून पुन्हा घातला, तर तेही राहू द्यावे.

व्यवहार मात्र चोख हवा. व्हॉट्सॲपचे छोट्या व्यावसायिकांसाठीचे ॲप भारतात २०१८ पासून मोफत मिळते. त्यात वस्तूंचे फोटो, किंमत आणि माप मांडून ठेवता येते. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असे लिहिले की बरेच लोक तिथूनच मागे फिरतात. आकडा उघड लिहावा. फराळ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी करून तिचा क्रमांक पाकिटावर छापावा. चकली वाटेत मोडते, म्हणून ती कशी बांधतात तेही एकदा दाखवावे. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन दुसऱ्याच्या मालाची तारीफ करायची असेल, तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट सांगावे लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

एक धोका मात्र कायम राहतो. १७ ऑक्टोबर २०२० रोजी ‘आपली आजी’ चॅनल हॅक झाला. घरात अन्न गोड लागेना. चार दिवसांनी तो परत मिळाला, पण तेवढ्यात आजी पार खचून गेल्या होत्या. त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कित्येक कलाकारांचा जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत हातचा गेला. यूट्यूब असो वा टिकटॉक, ही जागा परक्याची असते. म्हणून खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, व्हिडिओंच्या मूळ प्रती जपाव्यात, आणि गिऱ्हाइकांची नावे, नंबर, कुणाला काय दिले हे सगळे साध्या वहीत उतरवून ठेवावे. चॅनल गेला तरी वहीतल्या नंबरांवर फोन लावता येतो.

दिवाळी सरली की थंडी वाढते आणि गोधडीची चौकशी सुरू होते. तेव्हा मागणी एकदम येते आणि हाताला उसंत नसते. त्यामुळे निमोण्यातल्या शिवणारीने पहिला व्हिडिओ फराळाची गडबड संपल्याबरोबर, ओसरीवर ऊन आलेले असताना करून ठेवावा. मोबाइल नातवाने किंवा नातीने धरावा, आणि लुगडे कुणाचे होते तिथपासून सांगायला सुरुवात करावी.