एक हत्ती की अठ्ठ्याऐंशी बैल?

ओझे वाढले म्हणजे माणसाला हत्ती घेण्याची बुद्धी होते. दारात झुलणारा हत्ती दिसतो भारदस्त. परंतु त्याचा चारा कोण पुरवणार, आणि तोच आजारी पडला तर ओझे कोण वाहणार, हा विचार मागून सुचतो. ज्या वेबसाइटवर रात्रंदिवस माणसांची रीघ लागते, तिच्या चालकांपुढे नेमका हाच पेच असतो.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या तरुणांनी १९९८ साली अमेरिकेत ‘गूगल’ काढली. गाठीला पैसा थोडा, आणि काम तर साऱ्या इंटरनेटची सूची ठेवण्याचे! मग त्यांनी काय करावे? बाजारात मिळणारे साध्या संगणकांचे सुटे भाग आणले, तबकांवर बुचाचा थर अंथरला आणि एकेका तबकावर चार-चार संगणक उघडेच मांडले. जागेचे भाडे चौरस फुटावर; तेव्हा जितकी दाटी तितकी बचत! १९९९ सालचे त्यांतले एक फडताळ आज वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात मानाने विराजमान आहे.

तुम्ही म्हणाल, स्वस्त माल तो, बिघडणारच! खरे आहे. परंतु महाग मालही कधीतरी बिघडतोच. गूगलने बिघाड आधीच गृहीत धरला. एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवली; एक बसले की दुसरे उभे. भरवशाची जबाबदारी यंत्रावरून काढून सॉफ्टवेअरवर टाकली.

हिशेबही पाहा. २००३ साली गूगलच्याच बारोसो, डीन व होल्झले या तज्ज्ञांनी तो मांडला. ८८ साध्या सर्व्हरांचे फडताळ सुमारे २,७८,००० डॉलरला पडे; त्यात १७६ प्रोसेसर आणि १७६ गिगाबाइट स्मरणशक्ती. उलट एकच बडा सर्व्हर ७,५८,००० डॉलरचा; त्यात प्रोसेसर अवघे ८, स्मरणशक्ती ६४ गिगाबाइट. डिस्कवरची जागा तेवढी बड्याकडे किंचित जास्त!

म्हणून सरसकट स्वस्ताच्या मागे धावावे काय? छे! येथे प्रत्येक शोध स्वतंत्र असतो, म्हणून काम वाटून देता येते. जेथे सारा व्यवहार एकाच वहीत क्षणोक्षणी जुळवावा लागतो, तेथे अशी वाटणी अवघड. तेथे बडे यंत्र आपली किंमत वसूल करते. शिवाय विजेचा चारा बैलांनाही लागतोच. वरील तज्ज्ञांच्या अंदाजाने एका फडताळाची वीज, थंडाव्यासह, महिन्याला सुमारे १,५०० डॉलरची. आणि यंत्रांच्या किमतीचा मासिक वाटा सुमारे ७,७०० डॉलरचा. तेव्हा कमी वीज खाणारे यंत्र जरूर घ्यावे, पण त्याची किंमतच बचत गिळणार नाही ना, हेही पाहावे.

गृहिणी हे जाणतेच. ती भांड्याच्या झगमगाटाकडे पाहत नाही; एका रुपयात किती पाने वाढून होतात, ते पाहते. यंत्राच्या दुकानातही प्रश्न तोच विचारावा.