भराव, पाऊस आणि शेजाऱ्याची हद्द

तुंगारेश्वराच्या डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी वसईच्या खाडीस अथवा वैतरणेस मिळण्यापूर्वी खाजणांत, मिठागरांत आणि गावोगावच्या बावखळांत, म्हणजे छोट्या तळ्यांत, काही काळ विसावत असे. ही विसाव्याची स्थळे जसजशी मातीच्या भरावाखाली गेली, तसतसे तेच पाणी लगतच्या वाडीत व घरांत शिरू लागले. जुलै २०१८ मध्ये मिठागरातील वस्ती जलवेष्टित झाली, नालासोपाऱ्याजवळ आगगाड्या अडकून पडल्या, आणि दोष सर्वस्वी पावसाच्या माथी गेला. पावसावर दावा लावता येत नाही. भराव घालणाऱ्यावर तो लावता यावा की नाही, हा अपकृत्यांच्या कायद्यातील जुना आणि वसईपुरता अत्यंत निकडीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा पाया एका इंग्रजी खटल्याने घातला. लँकेशायरमधील रायलंड्स या गिरणीमालकाने जाणत्या कंत्राटदारांकडून जलाशय बांधविला. १८६० मध्ये त्याचे पाणी जमिनीखालील बेवारस विवरांतून फ्लेचरच्या कोळशाच्या खाणीत शिरले. मालकाची स्वतःची हयगय शाबीत झाली नव्हती. तरीही १८६६ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी असा नियम सांगितला की, निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो स्वतःच्या कामासाठी आपल्या जमिनीवर आणून साठवितो, त्याने तिच्या निसटण्याची जोखीमही पत्करली पाहिजे. १८६८ मध्ये उमराव सभेने तो कायम करताना जमिनीचा वापर अस्वाभाविक असला पाहिजे, ही अट लॉर्ड केर्न्स यांनी जोडली.

हिंदुस्थानात या नियमाला लवकरच मर्यादा पडली. कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीने फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, असे तलाव राखणे हे लोकांच्या निर्वाहासाठी परंपरेने आलेले कर्तव्य असल्याने, हयगयीवाचून जमीनदारास जबाबदार धरण्यास नकार दिला. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि वसईच्या संदर्भात तो बोधप्रदही आहे: ज्या तर्काने गावाच्या उपयोगाचा तलाव राखणारा संरक्षणास पात्र ठरतो, त्याच तर्काने खासगी लाभासाठी बावखळ बुजविणाऱ्यास ते संरक्षण मागता येऊ नये.

येथे एक खरी अडचण आहे. भराव घालणारा आणतो माती, आणि शेजाऱ्याकडे जाते पाणी. म्हणून ब्लॅकबर्न यांचा नियम शब्दशः लागू होत नाही. शिवाय १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे वरच्या जमिनीवरील पाणी स्वाभाविक रीतीने खाली वाहून येत असेल, तर ते खालच्या मालकाने येऊ दिले पाहिजे. परंतु काल जी जमीन सखल होती तीच आज भरावाने उंच झाली असेल, तर तिच्यावरून उतरणारा प्रवाह स्वाभाविक कसा म्हणावा? अशा वेळी उपद्रवाचा, म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीच्या उपभोगात बाधा आणल्याचा, दावा हाच माझ्या मते सरळ मार्ग होय.

जय लक्ष्मी सॉल्ट वर्क्सचा खटला तर वसईकराला आपल्याच मिठागरांची आठवण करून देईल. गुजरातेत सरकारने जमीन सुधारण्यासाठी घातलेल्या बंधाऱ्यामुळे पाणी मिठागरात घुसले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रायलंड्सच्या खटल्यातील नियमाचा विस्तृत ऊहापोह करून सरकारला नुकसानीस जबाबदार धरले. पाऊस पडला, एवढा खुलासा पुरेसा ठरला नाही.

विषारी वायू वा रसायनांच्या बाबतीत कायदा याहून पुष्कळ पुढे गेला आहे. दिल्लीत श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये वायू सुटल्यानंतर, न्यायमूर्ती भगवती यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने १९८६ मध्ये धोकादायक उद्योगांवर निरपवाद दायित्व लादले. २०१० च्या हरित न्यायाधिकरण अधिनियमानेही अपघाताच्या बाबतीत कसूर सिद्ध करण्याची अट काढून टाकली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना हे शस्त्र उपलब्ध आहे. वसईच्या बागायतदाराला मात्र डंपरने टाकलेल्या मातीविरुद्ध अजून पुराव्याचा सारा भार स्वतःच वाहावा लागतो, आणि हा अन्याय आहे.

म्हणून वसईकरांना माझी कळकळीची विनंती आहे: शेजारी पहिली खेप पडताच जमिनीच्या पातळीची मोजणी करून घ्या, दिनांकासह छायाचित्रे ठेवा, तलाठ्याकडून पंचनामा मागा, आणि महापालिकेस लेखी अर्ज देऊन पोच घ्या. काही पावसाळे उलटून गेले म्हणून दाद मागण्याची आशा सोडू नका. उपद्रव चालू असेतोवर १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते.