उजेडाचा हिशेब

कामगार संघटनेला फोटोचे काय काम, असे आम्हांला पुष्कळ जण विचारतात. यंत्राच्या पट्ट्याला जाळी नाही, ही तक्रार तोंडी केली तर समोरचा ‘आहे’ म्हणून मोकळा होतो. तोच पट्टा फोटोत दिसला म्हणजे वाद आटोपतो. अर्थात दिसला तर! खामगाव-मलकापूरकडील जिनिंगमधून आमची मंडळी जे फोटो आणतात, त्यांतील पुष्कळांत कापसाची गंजी राखाडी आणि तिच्यापुढे उभ्या असलेल्या बाया कोळशाच्या. नाक कुठे, डोळे कुठे, पत्ता लागत नाही. मंडळी म्हणतात, कॅमेरा हलका होता. आमच्या मते कॅमेऱ्याचा दोष थोडा, हिशेबाचा फार.

हा हिशेब रोजंदारीसारखा आहे. दर आणि तास यांचा गुणाकार म्हणजे मजुरी. कॅमेऱ्यात दराच्या जागी भिंगाचे छिद्र आणि तासांच्या जागी शटर उघडे राहण्याची वेळ. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात आणि नवशिक्याला ते उलटे वाटतात, कारण आकडा वाढला की छिद्र लहान होते. हे आकडे भागाकाराचे आहेत. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ २ म्हणजे २५ मिलिमीटरचे छिद्र, एफ ८ म्हणजे जेमतेम सव्वासहा. या माळेत एक घर पुढे गेले की उजेड निम्मा होतो. शटरचेही तसेच. सेकंदाच्या १/१२५ भागाऐवजी १/२५० केला की उजेड निम्मा. म्हणून एफ ११ व १/२५० यांतून जितका उजेड आत येतो, तितकाच एफ ८ व १/५०० यांतून येतो. मजुरी तीच, पण काम वेगळे. लहान छिद्राने पुढचा माणूस आणि मागचे यंत्र दोन्ही रेखीव येतात. जलद शटरने चालता हात जागीच थांबतो. काय दाखवायचे ते आधी ठरवावे आणि मग आकडे निवडावेत.

तिसरा आकडा आयएसओचा. ही उधारी समजा. १०० चे २०० केले की निम्म्या उजेडात भागते, ४०० केले की पावात. पण व्याज द्यावे लागते, ते चित्रातल्या दाण्यांच्या रूपाने. गरज असेल तेव्हा उधारी जरूर घ्यावी; हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो केव्हाही बरा.

उन्हासाठी जुन्या छायाचित्रकारांचा एक नेम आहे. लख्ख उन्हात छिद्र एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके. म्हणजे १०० ला सुमारे १/१२५. आपल्याकडचे चैत्रातले ऊन या नेमाला अगदी पुरे पडते. झाडाच्या मोकळ्या सावलीत मात्र तीन-चार घरे मागे येऊन एफ ४ किंवा ५.६ धरावे.

आता त्या कोळशासारख्या चेहऱ्यांकडे वळू. कॅमेऱ्याला कापूसही कळत नाही आणि माणूसही कळत नाही. समोर जे येईल ते सरासरीने मध्यम राखाडी असावे, एवढेच तो धरून चालतो. समोर पांढऱ्याशुभ्र कापसाची गंजी आली की ‘उजेड फार झाला’ असे समजून तो उजेड कमी करतो. गंजी राखाडी होते आणि तिच्यासोबत चेहरेही बुडतात. लोणारला याच्या उलट घडते. सरोवराभोवतीच्या काळ्या बेसाल्टच्या कड्याने चौकट भरली की कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळा दगड धुळकट पांढुरका दिसू लागतो. म्हणून कापसापुढे अधिक-उणे खुणेचे बटण अधिक एकवर न्यावे, काळ्या दगडापुढे उणे एकवर. मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि बाजूला येणारी सूर्याची खूण वर सरकवावी. गंजीचा थोडा भाग पार पांढरा होईल, होऊ द्या. कापूस कापसासारखाच दिसला पाहिजे असा हट्ट धरणारे व्यापारी निराळे. आपल्याला माणूस दिसायला हवा.

सावळ्या चेहऱ्यांची ही उपेक्षा काही आजची नाही. रंगीत फिल्मच्या काळात अमेरिकेची कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी छपाईच्या प्रयोगशाळांना नमुन्याची कार्डे पाठवी, त्यांवर बहुतेक गोरी बाई असे. तिचा वर्ण ठीक उतरला की काम झाले. उन्हातान्हात राबलेल्या कातडीचा विचार कुणी करायचा? तो फोटो काढणाऱ्यालाच करावा लागे, आणि आजही करावा लागतो.

शेडच्या आत उजेड फारच कमी असतो. तिथे एफ २.८, शटर १/१२५ आणि आयएसओ १६०० पासून सुरुवात करावी, पडद्यावर पाहावे आणि एकेक घर सरकावे. यंत्र थांबलेले असेल तर कॅमेरा खांबाला टेकवून १/३० सुद्धा चालेल. फ्लॅश मारू नये. हवेत उडणारे कापसाचे तंतू उजळून चित्रभर पांढरे ठिपके पडतात आणि नेमका पट्टाच त्यांत हरवतो. माणसाचा फोटो घ्यायचा तर त्याला दारापाशी, बाहेरचे ऊन अंगावर न येता उजेड तोंडावर पडेल असे उभे करावे, आणि आपण दाराकडे पाठ करून उभे राहावे.