वटारची पंधरा वर्षं तळ्यात-मळ्यात

3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महापालिका अस्तित्वात आली. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिकांबरोबर 53 गावंही तिच्यात ओढली गेली. पश्चिम पट्ट्यातलं, वाड्यांचं वटार त्यांतलंच एक. त्या वर्षी ज्यांनी नुकतीच साठी गाठली होती, त्यांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. गाव पालिकेत राहणार की बाहेर पडणार, या एका प्रश्नाने त्यांचं अख्खं म्हातारपण व्यापलं. आंदोलनाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, निवडणुकांचे निकाल येतात. या पिढीच्या तब्येतीवर काय गुदरलं, ते मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

पालिकेत जायला असलेला विरोध म्हणजे म्हाताऱ्यांचा हट्ट नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा हीच माणसं ऐन उमेदीत होती. बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, बुजलं की शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि विहीर गेली की वाडी जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. शहराचा आराखडा गावावर पडला तर पुढे काय होईल, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

2009च्या विधानसभा निवडणुकीत गावं वगळण्याच्या मागणीवर विवेक पंडित वसईतून अपक्ष निवडून आले. 2010च्या मार्चमध्ये आंदोलन पेटलं आणि वसईच्या गावांत पोलिसांनी लाठीमार केला. तरण्या अंगावरचा वळ आठवडाभरात जातो. सत्तरीतल्या माणसाला तोच मार महिनोन्‌महिने पुरतो. मोर्च्याला न गेलेल्यांचीही यातून सुटका नसते. बंद असला की रिक्षा नाही, एसटी नाही, डॉक्टरकडे जाणं उद्यावर. घरातला मुलगा रात्री उशिरापर्यंत परतला नाही की आईचा डोळा लागत नाही, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला अशी जागरणं महाग पडतात.

अशा काळाचा मनावर होणारा परिणाम हाँगकाँगमध्ये मोजला गेला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिथल्या प्रौढांमध्ये नैराश्याची लक्षणं असलेल्यांचं प्रमाण आधीच्या सुमारे 2 टक्क्यांवरून 2019च्या आंदोलनकाळात 11 टक्क्यांच्या आसपास गेलं. घरच्यांचा आधार असलेल्यांना हा धोका कमी होता. वटारला हा निष्कर्ष जास्तच लागू पडावा, कारण इथला वाद घराघरांत शिरलेला होता. मुलाला पालिकेचा रस्ता आणि नळ हवा, बापाला ग्रामपंचायत हवी. दोघांचंही म्हणणं खोटं नाही, आणि म्हणूनच तो वाद मिटत नाही.

31 मे 2011 रोजी राज्य सरकारने 29 गावं वगळण्याचा निर्णय काढला. त्यांत वटार होतं. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथेच अडकलं. कागदावर गाव सुटलं, कारभारात नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचं नावही बदललं. म्हाताऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, त्यांच्यावर पालिकेची बिलं, रेशनकार्ड, सातबारा. कुठला कागद कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून एकही टाकवत नाही. पूर्वी सरपंच गावातच भेटायचा. पालिकेचं मुख्यालय विरारला, आणि गुडघे धरलेल्या माणसाला तेवढं अंतरही पुष्कळ.

2020च्या जूनमध्ये पालिकेची मुदत संपली आणि ऐन करोनात कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची काही वर्षं दाराशी बोलवून गाऱ्हाणं सांगावं असा नगरसेवकही उरला नाही. ज्यांना मोबाइलवर तक्रार नोंदवता येत नाही, त्यांना हे सर्वांत जास्त जाचलं, आणि लोकशाहीतली ही गैरहजेरी सरकारने इतकी लांबू द्यायला नको होती.

2024च्या फेब्रुवारीत सरकारने 2011चा आपलाच निर्णय मागे घेण्याची अधिसूचना काढली. पुन्हा हरकती, पुन्हा अर्ज. त्याच वर्षी 25 जुलैला फादर दिब्रिटो गेले, वयाच्या 81व्या वर्षी. त्यांच्याबरोबर चळवळीत चाललेले कितीतरी जण त्याआधीच गेले होते. जे मागे राहिले, त्यांच्यातल्या अनेकांना सह्या करताना आता हात धरायला नातवंड लागतं.